कंडम करण्याआधी झाकण उघडा

आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोवीस कॉम्प्युटर आहेत. त्यातले चौदा चालतात, म्हणजे निदान चालू होतात. उरलेल्या दहांच्या डब्यांवर खडूनं फुली मारली आहे आणि सत्राच्या शेवटी बोर्ड बसलं की ते कंडम होणार, असं ऐकतो. तोवर एका सेक्शनची छत्तीस मुलं चौदा मशिनांवर बसतात. सहावीची पोरं एका कीबोर्डला तीन असतात. एक टाइप करतो, दुसरा माउस धरतो आणि तिसरा घड्याळाकडे बघत बसतो.

माझं म्हणणं असं आहे की त्या दहांपैकी सहा-सात मशिनं आपण इथेच, कॅडेट्सच्या हातांनी, उभी करू शकतो. सगळी मिळून खर्च एका नव्या कॉम्प्युटरच्या निम्म्याच्या आसपास येईल. आणि दुसरं, कोणतंही मशिन कंडमच्या यादीत घालण्याआधी त्याचं झाकण उघडून नेमकं काय बिघडलं आहे ते एका ओळीत लिहिलं गेलं पाहिजे. लॅबच्या भिंतीवर लावलेल्या यादीत आज शेऱ्याच्या रकान्यात एवढंच आहे: जुना, स्लो.

स्लो हा बिघाड नाही, ते लक्षण आहे. एमआय रूममध्ये ताप आहे म्हणून कुणाला कायमचं घरी पाठवत नाहीत. (पाठवावं अशी इच्छा पुष्कळांची असते, ती गोष्ट वेगळी.) आधी घसा बघतात, पोट दाबतात, मग गोळी देतात. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण ताप बघून थेट डिस्चार्ज देतो.

डब्यांवरची स्टिकरं वाचली तर कळतं की आपली बहुतेक मशिनं एकाच खरेदीतली आहेत. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. २०१२ च्या सुमारास हे भलतंच चांगलं मशिन होतं. प्रोसेसर आजही पुरेसा आहे. पायथॉनचा प्रोग्रॅम, प्रोजेक्टची फाइल, प्रेझेंटेशन, इंटरनेटवर नकाशा बघणं, यातलं काहीही त्याला जड नाही. अडतं ते डिस्कपाशी आणि रॅमपाशी.

हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारा काटा हव्या त्या जागी सरकतो आणि तबकडीचा तो भाग फिरून आपल्याखाली येईपर्यंत थांबतो. सरासरी अर्धा फेरा धरला तर चार मिलिसेकंद झाले. काटा सरकायला आणखी तेवढे किंवा जास्तच. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. क्यूएम स्टोअरमध्ये एकच माणूस आहे आणि तो दर वेळी एकच मोजा आणून देतो, असं समजा. पूर्ण हाउसचं किट वाटायला किती वेळ लागेल? त्यात रॅम दोनच जीबी. ती भरली की मशिन उरलेला पसारा डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे त्याच बिचाऱ्या माणसाला आणखी चकरा. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, त्यामुळे ही वाट बघणं जवळजवळ संपतं.

आपल्याकडे मात्र यावर एकच औषध ठरलेलं आहे, फॉरमॅट मारणे. देखभालीच्या कंत्राटाचा माणूस वर्षातून तीनदा येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, सही घेतो आणि जातो. पंधरा दिवस मशिन बरं चालतं, कारण साठलेला कचरा गेलेला असतो. मग पुन्हा तेच. डिस्क तीच, रॅम तेवढीच, पंख्यावरची धूळ तिथेच. गेल्या वर्षभरात एकदाही त्यानं झाकण उघडलेलं मी पाहिलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यांचा कॉम्प्युटर आपल्या लॅबमधल्या मशिनांचा सख्खा भाऊ म्हणावा असा: तोच प्रोसेसर, तोच चिपसेट. जूनमध्ये दाखले, अ‍ॅडमिशन, स्कॉलरशिप यांची गर्दी असते. लोक लांबच्या वाडीवरून एसटीनं येतात आणि परतीची एसटी ठरलेली असते. काका सकाळी मशिनचं बटण दाबायचे आणि सहा मिनिटं गिऱ्हाइकांशी पावसावर बोलायचे. "च्या पिऊन आलो तरी ह्यो गोल गोलच फिरतोय," असं ते म्हणायचे. शहरातल्या दुकानदारानं त्यांना चौतीस हजारांचा नवा सेट सांगितला होता आणि जुन्याचे दीड हजार देऊ केले होते. काकांना ते चौतीस हजार माझ्या चुलत बहिणीच्या नर्सिंगच्या फीमधून काढावे लागले असते.

सुट्टीत आम्ही डबा उघडला. आधी गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांच्या सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढली. हे पहिलं काम, बाकीचं नंतर. उघडल्यावर प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या, धूळ आणि झेरॉक्सच्या टोनरची काळी पूड मिळून गोधडी झाली होती. हवा जायला वाट नसली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे मशिन आळशी नव्हतं, ते उन्हात पूर्ण किट घालून उभं होतं. रंगाचा कोरडा ब्रश आणि शेजारच्या मोबाइलवाल्याचा ब्लोअर, एवढ्यावर ते साफ झालं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा असतो, नाहीतर तो वाऱ्यानं भलत्याच वेगानं फिरतो आणि खराब होऊ शकतो. मग कूलरच्या चार पिना फिरवून तो वर काढला. खालची थर्मल पेस्ट फळ्यावरच्या खडूसारखी वाळली होती. ती पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी लावली आणि कूलर परत बसवला. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीनं दाबायच्या, एका बाजूनं दाबत गेलं तर कूलर तिरका बसतो.

काकांचं मशिन रोज सकाळी २०१२ सालात जागं व्हायचं, हा आणखी एक त्रास. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना तारीख-वेळ तो सांभाळतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइटी उघडायला नकार देतात, कारण त्यांचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं. काकांना वाटायचं सरकारी साइटच बंद आहे. आपल्या लॅबमध्ये फुली मारलेल्यांपैकी दोन मशिनं चालू केल्यावर एफ-वन दाबा म्हणतात आणि तारीख चुकीची दाखवतात. त्यांचं औषध बहुधा हाच सेल आहे.

खर्च सांगतो. २४० जीबीची साटा एसएसडी १,४५० रुपये. चार जीबीच्या दोन वापरलेल्या डीडीआर-३ रॅम मिळून ९००. थर्मल पेस्ट १००, साटा केबल ८०, सेल ३०. एकूण २,५६० रुपये. सामान चुलतभावानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं. आपल्यापैकी कुणाचं घर दिल्लीजवळ असेल तर नेहरू प्लेस आहे, बंगळुरूला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट. भाव खालीवर होतात, तुमच्या वेळी वेगळे असतील, पण हिशेबाची जात हीच राहते. मशिन आता चाळीस सेकंदांत उठतं. काकांचा पावसावरचा अभ्यास मागे पडला आहे.

एका दुकानदारानं या कामाच्या आधी आम्हाला थांबवायचा प्रयत्न केला होता, तो मुद्दा लिहायला हवा, कारण तो इथेही निघेल. तो म्हणाला, एच-६१ बोर्डाचा साटा पोर्ट सेकंदाला तीन गिगाबिटचा, एसएसडी सहाची. निम्मी ताकद वाया जाणार, कशाला घालता? त्याची आकडेमोड बरोबर होती. पण एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तेव्हाच तो निम्मा वेग जाणवतो. रोजच्या कामात फायदा मिळतो तो वाट बघणं संपल्याचा, आणि तो जुन्या पोर्टवरही जवळजवळ पूर्ण मिळतो. उलट जास्त पैसे देऊन एनव्हीएमई प्रकारची, पट्टीसारखी एसएसडी आणली तर मात्र पैसे वाया, कारण या बोर्डांवर तिची जागाच नाही. रॅम घेतानाही तसंच. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात. जोर लावून बसवायला ती चिखलातली बुटं नाहीत.

आता विंडोजकडे येतो. ही सगळी मशिनं एकदम म्हातारी ठरायचं खरं कारण ते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आपल्या मशिनांकडे दोन्ही नाही. युक्त्या करून ते घालता येतं, पण सरकारी लॅबमध्ये युक्तीनं बसवलेली गोष्ट नको. सुरक्षेच्या दुरुस्त्या न येणारी विंडोज नेटवर ठेवणं हे तर त्याहून वाईट, आणि याबाबत नवीन मशिनं मागणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे.

पण त्यावर उपाय म्हणून मशिन फेकण्याआधी लिनक्स घालून बघावी. माझा बंकमेट केरळचा आहे. पाचवीपर्यंत तो तिथल्या सरकारी शाळेत होता. तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सच चालते. त्याला इथे आल्यावर विंडोज शिकावी लागली, आणि ती त्यानं एका आठवड्यात शिकली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं बनवलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स आहे. हलकी हवी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे. दोन्हींना एक पैसा लागत नाही. आपल्या दहावीच्या आयटीच्या पुस्तकात लिब्रे ऑफिस शिकवतात आणि अकरावी-बारावीला पायथॉन. ही दोन्ही लिनक्सवर छान चालतात. या पानाचा मजकूर आपण ज्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो, तोही तिच्यात असतो. अडेल ते फक्त एका गेमपाशी, ज्याचं नाव इथे लिहिलं तर प्रेपच्या वेळी लॅबला कुलूप लागेल.

जुन्याला किती काळ धरून बसायचं, हा प्रश्न मला आमच्या हाउसमधल्या वादविवादात विचारला गेला आणि समोरच्यानं मिग-२१ चं उदाहरण फेकलं. उदाहरण चांगलं आहे. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. शेवटची वर्षं जे उडालं ते बायसन होतं: सांगाडा जुना, पण रडार नवं, क्षेपणास्त्रं नवी, वैमानिकाच्या हेल्मेटवरून नेम धरायची सोय. त्या सुधारणेनं विमानाला पुढची पंचवीस-एक वर्षं उपयोगी ठेवलं. पण सांगाड्याचं वय रडार बदलून कमी होत नाही, आणि नवं विमान वेळेवर आलं असतं तर त्याला इतकं ताणावं लागलं नसतं, हेही खरं. मी दोन्ही बाजू मान्य करतो. फरक इतकाच की लॅबमधलं मशिन बंद पडलं तर कुणी मरत नाही, त्यामुळे आपल्याला थोडं जास्त धाडस परवडतं.

तरीही मर्यादा हवीच. माझी अशी: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या चौथाईच्या वर गेला की थांबायचं. मदरबोर्डच गेला असेल तर थांबायचं. बोर्डावर छोट्या उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची डोकी फुगलेली किंवा फुटलेली असतील तर ते बदलणं सोल्डरिंग येणाऱ्या जाणकाराचं काम आहे, आपल्यासाठी ते मशिन संपलं. डीडीआर-२ च्या काळाचं असेल तर हातच लावू नये. आपल्या दहांमध्ये अशी तीन तरी निघतील असा माझा अंदाज आहे. त्यांच्यातली रॅम, केबली, पंखे, स्क्रू बाकीच्यांना लावता येतील. सैन्यात याला कॅनिबलायझेशन म्हणतात, आणि परवानगीनं केलं तर त्यात काही गैर नाही.

जे भंगारात जाईल तेही रद्दीसारखं देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच ते जायला हवं. आणि त्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यायला हवी. या डिस्कवर किती बॅचेसच्या कॅडेट्सची नावं, घरचे पत्ते, पालकांच्या पोस्टिंगची माहिती, फोन नंबर आहेत, याचा विचार यादी करताना कुणी केला आहे का, मला शंका आहे. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी माहिती तबकडीवर राहते, साध्या सॉफ्टवेअरनं ती परत काढता येते. इतर कुठल्या शाळेत हे चालून जाईलही. वडील सीमेवर असलेल्या मुलांच्या शाळेत चालू नये. कंडम करणाऱ्या बोर्डानं माझ्या लेखातली एकच ओळ वाचायची असेल तर ती ही वाचावी.

शिक्षकांकडून येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण मी विचारून आलो. पहिला सुरक्षेचा. २३० व्होल्टच्या वस्तूत मुलांनी हात घालायचा? यावर माझं उत्तर असं की नियम दोनच ठेवा, पण कडक. पॉवर कॉर्ड भिंतीतून काढून टेबलावर समोर दिसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा बंद डबा, कुणीही, कधीही उघडायचा नाही. त्याच्या आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही भार धरून राहतात. तो बिघडला तर अख्खा बदलायचा. बाकी मदरबोर्डवर बारा व्होल्टच्या वर काही नसतं. आपल्या अंगातल्या स्थिर विजेनं आपल्यापेक्षा रॅमला धोका जास्त, म्हणून रॅम धरण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा.

दुसरा आक्षेप लेजरचा. मालमत्ता सरकारी, पार्ट बदलला तर हिशेबात काय लिहायचं? सैन्याच्या प्रत्येक गाडीला लॉगबुक असतं, काय बदललं, कधी बदललं, कुणी सही केली. तसं प्रत्येक मशिनचं एक पान ठेवलं की ऑडिटलाही सोपं. खरं तर आज ते नाही म्हणूनच कोणत्या मशिनला काय झालं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि इथे मला थोडा राग येतो. फायरिंगनंतर पॉइंट टू-टू रायफलची नळी साफ झाली की नाही हे उस्ताद स्वतः डोळा लावून बघतात. फुलथ्रू, चिंदी, तेल, पुन्हा चिंदी. पांढरी चिंदी पांढरीच बाहेर येईपर्यंत सुट्टी नाही. बुटांना किती तास जातात ते पालकांना न सांगितलेलं बरं. ज्या वस्तूवर आपण उद्याचं निम्मं काम करणार आहोत तिच्या बाबतीत मात्र लॅबच्या दारावर पाटी आहे: कॅबिनेटला हात लावू नये. आपल्याला वस्तू सांभाळायला शिकवतात आणि ती आतून कशी आहे हे बघायला मनाई करतात, याची संगती मला लागत नाही.

आपल्या इथले एक उस्ताद ईएमईमधून निवृत्त झालेले आहेत. मी त्यांच्यासमोर हे सगळं बोललो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बेटा, हमारे यहाँ गाड़ी आती थी तो पहले बोनट खुलता था, काग़ज़ बाद में।" ईएमईचं ब्रीद 'कर्म ही धर्म' आहे. पुण्याजवळ खडकीला त्यांचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, तिथे सैन्याच्या चिलखती गाड्यांचं ओव्हरहॉलिंग होतं. ज्या सैन्यात जायचं आपण स्वप्न बघतो तिथे दुरुस्तीसाठी एक अख्खं कोअर आहे. आपल्या लॅबमध्ये एक स्क्रूड्रायव्हरही नाही.

पालकांसाठी दोन ओळी. दहावीच्या निकालावर लॅपटॉप कबूल केलेल्यांनी तो द्यावा, मी कुणाचं नुकसान करायला बसलेलो नाही. पण घरी जुना डेस्कटॉप कापडाखाली पडून असेल तर दुकानदाराला "नवा कितीला?" असं विचारण्याआधी "याचं काय बिघडलंय?" असं विचारा आणि झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. उत्तर देताना तो जर डब्याकडे न बघता कॅटलॉगकडे बघत असेल, तर दुसऱ्या दुकानात जा. आणि मुलानं या जुन्या डब्यात ग्राफिक्स कार्ड घालायचा हट्ट धरला तर ऐकू नका. त्याचा एसएमपीएस ते झेपवणार नाही, आणि तो हट्ट अभ्यासासाठी नसतो.

शाळेकडे मी जे मागतो आहे ते फार नाही. महिन्यातला एक रविवार, नाश्त्यानंतर दोन तास. आठवी ते अकरावीचे आठ कॅडेट आणि देखरेखीला एक उस्ताद. दोन फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, दोन इंची रंगाचे दोन ब्रश, एक ब्लोअर, थर्मल पेस्टची एक ट्यूब, दहा सेल, आणि सुरुवातीला फक्त तीन मशिनांपुरत्या एसएसडी आणि रॅम. ती तीन उभी राहिली नाहीत तर पुढचं सामान मागणार नाही. या मजकुराचा अर्ज हाउस मास्टरांमार्फत गेल्या सोमवारी दिला आहे.

परवानगी मिळाली तर आधी सात नंबरचं मशिन उघडावं. ते चालू केल्यावर थांबून थांबून बीप वाजवतं आणि स्क्रीनवर काही येत नाही. असं वाजणं बहुतेकदा रॅमचं असतं. रॅम काढायची, तिचे सोनेरी पाय साध्या खोडरबरनं हलके घासायचे, पुसायचे आणि परत बसवायची. खोडरबर माझ्याकडे आहे.